गळाला लागणारा खडशी मासा

नदीकाठी गळ टाकून बसलेल्या माणसाकडे आपल्याकडे बहुधा रिकामटेकडा म्हणूनच पाहिले जाते. भोई जाळे टाकतो ते पोटासाठी. त्यात कोणाला नवल वाटत नाही. परंतु सुटीच्या दिवशी शहरातून उठून दूरच्या नदीवर जावे, पाच-सहा तास उन्हात पाण्याकडे टक लावून बसावे आणि एवढे करून मासा लागलाच तर तो पुन्हा पाण्यात सोडून द्यावा, हा प्रकार पुष्कळांस चमत्कारिक वाटतो. तथापि अशा माणसाला पाण्याविषयी आणि माशाविषयी किती गोष्टी ठाऊक असाव्या लागतात हे पाहिले, म्हणजे गोड्या पाण्यातील जीवसृष्टीचा अभ्यास करण्यास गळ हे किती चांगले साधन आहे याची कल्पना येते.

अमेरिकेत या छंदाचा मानकरी मासा म्हणजे बास. मोठ्या तोंडाचा बास हा संथ पाण्यातील शिकारी मासा होय. पाणवनस्पतींच्या आडोशाला तो निश्चल राहतो व लहान मासा किंवा बेडूक टप्प्यात येताच एकदम झडप घालतो. भारतीय नद्यांत हा मासा मुळचा नाही, आणि नाही हे बरेच झाले. कारण छंदासाठी ज्या देशांनी तो आणला त्यांपैकी काहींना त्याचा पश्चात्ताप करावा लागला आहे. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात बास सोडण्यात आला. पुढे तो देशभरच्या जलाशयांत पसरला, स्थानिक लहान माशांचा त्याने फडशा पाडला, आणि अखेर २००५ साली उपद्रवी परकीय प्राण्यांसंबंधीच्या कायद्याखाली त्याच्यावर निर्बंध घालावे लागले. एका पाण्यातील मासा दुसऱ्या पाण्यात सोडणे ही गोष्ट दिसते तितकी निरुपद्रवी नसते. पुढे हाच मुद्दा आपल्याच एका माशाच्या बाबतीत पुन्हा येणार आहे.

आपल्याकडे गळ टाकणाऱ्याच्या मनात बासची जागा महसीरने घेतली आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून कावेरीपर्यंत महसीरच्या निरनिराळ्या जाती आढळतात. दख्खनच्या नद्यांतील जातीला मराठी मुलखात खडशी म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’ असे असून त्यातील ‘खुद्री’ हा शब्द लॅटिन किंवा ग्रीक नाही. मुंबई सरकारच्या नोकरीत असलेल्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले, त्या वेळी पुण्याजवळच्या मुळा-मुठेत मिळालेल्या या माशाला त्याने लोकांच्या तोंडचे नावच जसे ऐकले तसे देऊन टाकले. जगातील कोणत्याही प्राणिशास्त्रज्ञाने आज हे नाव उच्चारले, तर नकळत पुण्याच्या नदीकाठचा एक जुना शब्दच तो उच्चारीत असतो. ज्या मुळा-मुठेवरून जातीचे वर्णन झाले, ती नदी शहरातून वाहताना आज किती घाण पाणी वाहून नेते हे पुणेकरांस सांगावयास नको.

खडशी ही रोहू, कटला आणि मृगळ यांच्याच कुळातील, परंतु तिची ठेवण पाहताच ती वाहत्या पाण्यासाठी घडली आहे हे ध्यानात येते. शरीर लांबट व दंडगोल, शेपटीचा देठ जाड, ओठ मांसल आणि तोंडाजवळ स्पर्शाच्या मिशांच्या दोन जोड्या. खवले इतके मोठे, की रोहूच्या अंगावरील पार्श्वरेषेत चाळीसच्या वर खवले असतात तर खडशीच्या पार्श्वरेषेत पंचविसांच्या आसपासच. तिच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात. शिंपला, खेकडा किंवा कठीण कवचाचे फळ ती घशातील या दातांनी भरडते, आणि कच्चा गळ असेल तर त्याचाही चेंदामेंदा करते. आहाराच्या बाबतीत तिला विधिनिषेध नाही. काठच्या उंबराची पाण्यात पडलेली फळे, शेवाळ, किडे, गोगलगायी, लहान मासे, सर्व काही चालते. म्हणूनच कावेरीकाठी नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा हे महसीरचे आवडते आमिष ठरले. ज्याला नदीकाठची झाडे ओळखता येतात आणि कोणते फळ केव्हा पिकते हे कळते, त्याला महसीर कोठे असेल याचा निम्मा तर्क घरबसल्या करता येतो.

गळ टाकणारे लोक काठावर कुजबुजत बोलतात. खरे पाहता या कुजबुजीचे कारण नाही. हवेतून येणारा आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परावर्तित होतो. त्याच्या शक्तीचा हजारावा भाग काय तो आत शिरतो. धोका आहे तो पावलांचा. खडकावर आपटलेल्या पावलाचा कंप जमिनीतून थेट पाण्यात उतरतो, आणि तो टिपण्याची माशाची साधने फार सूक्ष्म आहेत. अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणारी पार्श्वरेषा पाण्याची बारीकशी हालचाल ओळखते. शिवाय या कुळातील माशांत वाताशय आणि अंतःकर्ण यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. वाताशय ढोलकीप्रमाणे कंप घेतो व ही हाडे तो कंप कानापर्यंत पोहोचवितात. तेव्हा मोठ्याने बोललेले एक वेळ चालेल, पण बूट वाजवीत चालणे चालणार नाही.

दृष्टीचे गणित आणखी मौजेचे आहे. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सर्व जग डोक्यावरच्या एका वाटोळ्या खिडकीत गोळा झालेले दिसते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे या खिडकीचा कोन नेहमी सुमारे ९७ अंशांचा असतो. मासा एक मीटर खोल असेल तर त्या वर्तुळाचा व्यास सुमारे सव्वादोन मीटर भरतो. त्या वर्तुळाबाहेर माशाला पृष्ठभागाच्या आरशात तळाचेच प्रतिबिंब दिसते. क्षितिजालगतच्या वस्तू खिडकीच्या कडेला दबून, चपट्या व अंधूक होऊन दिसतात. उभा राहिलेला माणूस त्यामुळे माशाला दिसतो. त्याच जागी बसलेला माणूस कडेच्या अंधूक पट्टीत दडून जातो. शाळेतील मुलांनी काचेच्या टाकीत पाणी भरून खालून तिरपे पाहिले, तरी या आरशाचा व खिडकीचा प्रत्यय येईल.

मासा गळाला लागला की पुढचा पाठ शरीरक्रियेचा सुरू होतो. माशाच्या अंगात दोन प्रकारचे स्नायू असतात. कडेने जाणारा तांबूस पट्टा संथपणे तासन्‌तास पोहण्यासाठी, आणि उरलेला बहुतेक पांढरा भाग क्षणभराच्या झेपेसाठी. गळ टोचताच खडशी प्रवाहाच्या दिशेने जी धाव घेते ती या पांढऱ्या स्नायूंच्या बळावर. ही शक्ती प्राणवायूवाचून उत्पन्न होते आणि तिची किंमत म्हणून स्नायूंत दुग्धाम्ल साठते. झुंज जितकी लांबेल तितके अम्ल अधिक, आणि ते निघून जाऊन मासा पूर्ववत होण्यास कित्येक तास लागतात. पोहत निघून गेलेला मासा जगलाच असे म्हणता येत नाही; अतिश्रमाने तो दूर जाऊन मरू शकतो, आणि सोडणारा समाधानाने घरी गेलेला असतो.

येथे प्राणवायूचा हिशेब मांडला पाहिजे. आपण श्वासावाटे जी हवा घेतो तिच्या एका लिटरमध्ये सुमारे २७५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. पाण्यात तो फारच थोडा विरघळतो, आणि पाणी तापेल तसतसा आणखी कमी. १० अंश सेल्सियसला एका लिटर स्वच्छ पाण्यात सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशांना ९.१, तर ३० अंशांना केवळ ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. म्हणजे ज्या उन्हाळ्यात माशाची प्राणवायूची गरज वाढते त्याच उन्हाळ्यात पाण्याजवळ देण्यासारखा प्राणवायू कमी होतो. मासा तरीही जगतो तो कल्ल्यांच्या रचनेमुळे. कल्ल्यांतील रक्त आणि त्यांवरून जाणारे पाणी परस्परांच्या उलट दिशांनी वाहतात; त्यामुळे रक्त पुढे सरकते तसतसे त्याला अधिकाधिक प्राणवायू असलेले पाणी भेटत जाते व पाण्यातील बहुतेक प्राणवायू काढून घेता येतो. हवेत मात्र कल्ल्यांचे नाजूक पापुद्रे एकमेकांस चिकटतात. झुंजीने दमलेला मासा छायाचित्रासाठी पाण्याबाहेर धरणे म्हणजे धावून धापा टाकणाऱ्या माणसाचे नाक-तोंड दाबण्यासारखेच आहे.

या ज्ञानातूनच मासा सोडण्याची शिस्त निघाली आहे. गळाला उलटा काटा नसावा, म्हणजे तो जखम न वाढविता निघतो. दोरी पुरेशी मजबूत असावी, म्हणजे झुंज लवकर संपते. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करावे. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तेथून बुरशीला वाट मिळते. कल्ल्यांत बोटे घालून मासा उचलू नये. सोडताना त्याचे तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यातच अलगद आधार द्यावा व तो स्वतःच्या बळावर निघेपर्यंत थांबावे. भर उन्हाळ्यात, पाणी आटून तापलेले असताना, गळ टाकूच नये हे उत्तम.

प्राणवायूचा हा हिशेब चुकला म्हणजे काय होते ते दिल्लीच्या कडेला दिसते. यमुना १,३७६ किलोमीटर लांबीची नदी. त्यांपैकी वझीराबादपासून ओखल्यापर्यंतचा, दिल्लीतील पट्टा सुमारे २२ किलोमीटरचा, म्हणजे शेकडा दोनाहूनही कमी. परंतु नदीतील घाणीचा फार मोठा वाटा याच पट्ट्यात मिसळतो. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य जंतू खातात, आणि ते खाताना पाण्यातील प्राणवायू संपवितात. नोएडाला लागून असलेल्या ओखला बंधाऱ्याजवळ विरघळलेला प्राणवायू अनेकदा शून्यावर आलेला आढळतो. माशांना निर्वाहासाठी लिटरला चार-पाच मिलिग्रॅम तरी हवा असतो. त्याच बंधाऱ्याच्या जलाशयावर १९९० साली पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले. हवेत श्वास घेणाऱ्या पक्ष्याला तेथे उतरता येते. कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या महसीरला ते शक्य नाही. अशा पाण्यात तग धरतात ते मरळ आणि मागूर यांसारखे मासे, कारण त्यांच्यापाशी पृष्ठभागावर येऊन हवाच गिळण्याची जादा इंद्रिये असतात. म्हणून एखाद्या नदीत गळाला सदैव मागूरच लागत असेल, तर त्या पाण्याची परीक्षा प्रयोगशाळेवाचूनही अर्धी झालीच. आफ्रिकेतून आलेला मोठा, अधाशी मागूरही अनेक ठिकाणी पसरला आहे. भारतात त्याच्या पालनावर बंदी आहे.

तलावावरील गळाचा छंद पाहावयाचा तर मुंबईचा पवई तलाव घ्यावा. पिण्याच्या पाण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला गेला, पण पाणी पिण्यास योग्य न ठरल्याने त्याचा तो उपयोग सुटला. १९३६ साली तेथे बाँबे प्रेसिडेन्सी अँग्लिंग असोसिएशन ही संस्था स्थापन झाली; महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन हे तिचेच पुढचे नाव. रोहू व कटला हे अशा तलावांतील मुख्य मासे. ते पावसाळ्यात नदीच्या पुरातच अंडी घालतात, साठलेल्या पाण्यात नाही. म्हणून तलावात त्यांचे बीज बाहेरून सोडावे लागते. पूर्वी हे बीज नदीतून गोळा करीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले, आणि तेव्हापासून ही अडचण दूर झाली.

खडशीच्या बाबतीत मात्र अशी सोपी युक्ती नव्हती. मूळ अडचण तिच्या स्वभावातच आहे. रोहूची मादी आपल्या वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते. खडशी काही हजारच देते, आणि तीही एकदम नव्हे तर हप्त्याहप्त्याने. तिचे अंडे मोठे, पिवळसर व जड असते. ते गोट्यांच्या फटींत जाऊन बसते. रोहूचे अंडे एका दिवसाच्या आत फुटते, खडशीच्या अंड्याला सुमारे तीन दिवस लागतात. आणि बाहेर आलेले पिल्लूही पिवळ्या बलकाच्या भाराने आणखी काही दिवस प्रकाश टाळून, फटीत डोके खुपसून पडून राहते. एवढा काळ गोट्यांवरून स्वच्छ, खेळते पाणी वाहत राहिले पाहिजे. वाळूचा उपसा झाला, गाळ बसला, किंवा पावसाळ्यात वर चढणाऱ्या माशाच्या वाटेत धरणाची भिंत उभी राहिली, म्हणजे त्या वर्षीची पिढी संपली. सुरुंगाची दारू लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारण्यास १८९७ सालच्या मत्स्य कायद्यानेच मनाई केलेली आहे. परंतु सुरुंगाने मेलेला मासा निदान दिसतो तरी. गाळाखाली गुदमरलेले अंडे कोणालाच दिसत नाही.

या कोड्याचे उत्तर एका धरणाकाठीच मिळावे, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. खोपोलीच्या वीजगृहासाठी लोणावळ्याच्या परिसरात टाटा कंपनीने जे जलाशय बांधले, त्यांपैकी इंद्रायणीवरील वळवण हा एक. त्यांत खडशी टिकून राहिली होती व पावसाळ्यात जलाशयाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी ती अंड्यांवर येई. १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तेथे पक्व मादीचे पोट हलकेच दाबून अंडी काढणे, त्यांवर नराचे रेत मिसळणे व वाहत्या पाण्याच्या तबकांत ती उबविणे, ही पद्धत बसविली. त्यांच्या व एस. एन. ओगले यांच्या प्रयत्नांतून वळवण येथे खडशीच्या बीजाचे केंद्र उभे राहिले. अंडी सावकाश फुटतात हा दोषही त्यांनी गुणासारखा वापरला: फलित अंडी ओल्या कापसाच्या थरांत ठेवून ती विमानाने लांबच्या प्रांतांत पाठविता येतात, हे त्यांनी सिद्ध केले. पाणी नको, भांडे नको, पेटीभर ओला कापूस पुरे.

परंतु येथेच बासची गोष्ट पुन्हा आठवावी लागते. १९७० नंतरच्या दशकांत खडशीचे बीज जेथे जेथे गेले त्यांत कावेरीचे खोरेही होते. कावेरीला तिचा स्वतःचा महसीर आहे. पाठीवर उंचवटा असलेला हा मासा जगातील सर्वांत मोठ्या महसीरांत गणला जातो. १९४६ साली कावेरीच्या कबिनी या उपनदीत गळाने धरलेल्या महसीरचे वजन १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो भरले होते. एवढा प्रसिद्ध मासा, पण त्याला निश्चित शास्त्रीय नाव कोणते हे मात्र २०१८ सालापर्यंत ठरले नव्हते. त्या वर्षी तो व केरळातील पांबार नदीतून २००७ साली वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ हे एकच असल्याचे दाखविण्यात आले, आणि नाव मिळाले त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत तो अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

तो संकटात आहे हे कशावरून कळले? गळ टाकणाऱ्यांच्या वह्यांवरून. कर्नाटकात कावेरीकाठी गालिबोर येथे अशा छंदिष्टांचे शिबिर होते. तेथे पकडलेला प्रत्येक महसीर वजन करून सोडून देण्याचा व त्याची नोंद ठेवण्याचा रिवाज होता. १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी संशोधकांनी तपासल्या. त्यांत तेवीस हजारांहून अधिक तासांची मासेमारी आणि सहा हजारांहून अधिक महसीर होते; म्हणजे सरासरीने चार तासांना एक मासा. नोंदींवरून असे दिसले, की बाहेरून आलेली निळसर परांची खडशी वर्षानुवर्षे वाढत गेली आणि उंचवट्याचा महसीर कमी होत गेला. त्यातही ध्यानात घेण्यासारखी बाब अशी, की जे थोडे उंचवट्याचे मासे मिळाले ते दरवर्षी अधिकाधिक मोठे होते. वरवर पाहता हे आनंदाचे लक्षण वाटेल. खरा अर्थ उलट आहे: म्हातारे मासे शिल्लक होते आणि त्यांच्यामागे तरुण पिढी नव्हती. पुढे अभयारण्यातील गळाची मासेमारी बंद झाली आणि तिच्याबरोबर या नोंदीही थांबल्या.

पकडण्याऐवजी अजिबात हात न लावण्याची परंपराही महाराष्ट्रात आहे. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंडीत आणि वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या डोहात देवाचे म्हणून मासे राखले जातात. भाविक त्यांना खाऊ घालतात, कोणी जाळे टाकीत नाही. डोहापुरते हे रक्षण चोख असते. परंतु मासा पावसाळ्यात डोह सोडून अंडी घालावयास वर चढतो, आणि तेथील ओढ्याला देवाचा धाक नसतो.

वही ठेवण्याचे काम मात्र कोणत्याही नदीकाठच्या शाळेला करता येण्यासारखे आहे, आणि त्याला महसीरच हवा असेही नाही. ठिकाण, तारीख, पाण्याचे तापमान, किती गळ किती तास पाण्यात होते, कोणता मासा लागला, त्याची लांबी किती, एवढेच लिहावयाचे. ज्या दिवशी काहीच लागले नाही तो दिवसही तासांसह लिहिला पाहिजे. बहुतेक हौशी वह्या नेमक्या येथेच निरुपयोगी होतात: मासे लिहिलेले असतात, रिकामे तास नसतात, आणि तासांनी भागल्यावाचून यंदा मासे वाढले की गळ टाकणारेच वाढले हे सांगता येत नाही.